पोपटाच्या पोटातला हात

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा मनातल्या मनात हसतो. राग मानू नका. मी रस्त्यांचा इंजिनिअर. सगळी नोकरी मिनेसोटात गेली. तिथल्या थंडीत रस्ता फुगतो, डांबर उचकटतं, आणि मग त्याखाली पाणी कुठून शिरलं ते शोधायचं... ते सापडतंच. नाही सापडलं तर तुम्ही नीट खणलं नाही, इतकं साधं. भूतबाधा, दृष्टांत, स्वप्नात येऊन निरोप देणारी माणसं — असल्या गप्पा कुणाकडे निघाल्या की मी चहा ठेवायला उठतो. आजही.

पण एक गोष्ट अशी आहे की तिच्याखाली मी कितीही खणलं, तरी हाताला काही लागलेलं नाही. आमची मुलगी मुक्ता बरेच दिवस मागे लागली होती, "बाबा, यू शुड राइट इट डाउन. तुम्ही स्वतः पाहिलंय." म्हणून लिहितोय. शिवाय यात माझ्या बायकोचं कौतुक करायला मिळतं, आणि ती संधी मी सहसा सोडत नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. आम्ही मिनिआपोलिसजवळ ईडन प्रेरीला राहायचो. तेव्हा तिथे घरांपेक्षा मक्याची शेतं जास्त होती, आणि मराठी माणूस भेटला की आपण त्याला थेट जेवायलाच बोलवायचो. वैजयंती, म्हणजे माझी बायको वैजू, हॉस्पिटलसाठी उपकरणं बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत होती. अमरावतीची मुलगी, इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर. तिच्या लॅबमध्ये बाकी सगळे पुरुष. पहिल्या वर्षी मीटिंगमध्ये लोक तिला कॉफी आणायला सांगायचे. ती शांतपणे म्हणायची, "मला पण एक आणा, साखर नको." पुढे कुणी सांगेनासं झालं.

ज्यांचा आवाज गेला आहे — घशाचं ऑपरेशन झालेले, पॅरॅलिसिस झालेले — अशा माणसांसाठी तिने एक यंत्र तयार केलं होतं. शिलाई मशीनच्या पेटीएवढी पेटी. समोर मोठी बटणं, वर छोटा हिरवा स्क्रीन, बाजूला स्पीकर. आपण टाइप करायचं आणि पेटी बोलायची. आवाज म्हणाल तर सर्दी झालेल्या माणसाने नाकातून पाढे म्हटल्यासारखा, पण शब्द स्पष्ट. मुक्ता तेव्हा लहान होती. तिने त्याचं नाव पोपट ठेवलं आणि आमच्या घरात तेच रूढ झालं.

असा पोपट जगात एकच होता. कंपनीच्या साहेबांचं म्हणणं होतं की हे सगळं फार लांबलंय, आता थांबवू. शेवटी ठरलं ते असं — डॅलसजवळच्या एका हॉस्पिटलमधले डॉक्टर यंत्र बघायला तयार होते, एका पेशंटवर वापरून बघणार होते. त्यांना पटलं तर काम पुढे जाईल. नाही पटलं तर पोपट कपाटात. साहेब म्हणाले, डेमोला सेल्समधला कुणीतरी पाठवू. वैजू म्हणाली, "बनवलाय मी, बोलवणार पण मीच."

पेटी विमानाच्या पोटात सामानाबरोबर टाकायची तिची तयारी नव्हती. हातात घेऊन जायचं. वजन बऱ्यापैकी होतं, म्हणून मी रजा टाकली आणि हमाल म्हणून बरोबर निघालो. मुक्ताला शेजारच्या काकूंकडे ठेवलं.

आता त्या काळातलं एअरपोर्ट. आजच्यासारखे बूट काढा, बेल्ट काढा, असलं काही नव्हतं. पोचवायला आलेली माणसंसुद्धा थेट गेटपर्यंत यायची. पण विमानं पळवण्याच्या बातम्या येत होत्या, त्यामुळे बॅगा एक्स-रेमधून जायच्या. आणि विजेवर किंवा बॅटरीवर चालणारं काही असलं — रेडिओ, टेपरेकॉर्डर, कॅमेरा — की तिथली माणसं म्हणायची, "चालू करून दाखवा." आत खरंच यंत्र आहे की नुसती खोळ आणि आत दुसरंच काही, याची ती परीक्षा. वैजूला ते माहीत होतं. डेमोत मध्येच बॅटरी संपू नये म्हणून आदल्या दिवशी तिने लॅबमध्ये मोठा पॅक बसवला होता. निकेल-कॅडमियमच्या सेलची जाडजूड माळच ती. फुल चार्ज केलेली.

सकाळची वेळ होती. मिनिआपोलिसच्या एअरपोर्टवर नेहमीची गर्दी, ब्रीफकेसवाले लोक, सगळ्यांना घाई. वैजूने स्वतः शिवलेला निळा सूट घातला होता, कपाळाला बारीकशी टिकली. मी पेटी पट्ट्यावर ठेवली. वैजू मेटल डिटेक्टरमधून पलीकडे गेली, मंगळसूत्र वाजलं, ते काढून परत गेली. मी अजून अलीकडेच होतो, कारण पेटी आत गेली आणि पट्टा थांबला.

एक्स-रेच्या स्क्रीनसमोर एक पन्नाशीच्या बाई बसल्या होत्या. बिल्ल्यावर नाव होतं लोरेन. गोल चेहरा, नखांना झगझगीत नारिंगी नेलपॉलिश. त्यांनी पट्टा थोडा मागे घेतला, पुढे घेतला आणि परत थांबवला. मग हळूच म्हणाल्या, "उफ दा..."

मिनेसोटात राहिलेल्यांना हा शब्द माहीत असेल. बर्फात पाय घसरला, पोळी करपली, काहीही झालं तरी तिथली माणसं उफ दा म्हणतात. पण या बाईंच्या तोंडून तो नेहमीसारखा आला नाही. श्वास गिळल्यासारखा आला.

"सर, ही पेटी तुमची?"

"माझ्या बायकोची."

"जरा इकडे येता?" आवाज अगदी खाली. "मला सांगा, हे मला दिसतंय तेच तुम्हाला दिसतंय का?"

मी बाजूने जाऊन वाकून पाहिलं.

काळा-पांढरा स्क्रीन. पोपटाचं आतलं सगळं मला ओळखू येत होतं. सर्किट बोर्ड, स्पीकरचा गोल, बॅटरीच्या सेलची काळी रांग. आणि त्या सगळ्यावर एक हात. माणसाचा. हाडांचा पंजा, हॉस्पिटलच्या फिल्ममध्ये दिसतो तसा. बोटांची पेरं न् पेरं वेगळी दिसत होती. मनगटापाशी येऊन तो विरून गेला होता, पुढे दंड वगैरे काही नाही. बोटं पसरलेली नव्हती. एक बोट पुढे होतं, स्विचच्या खाली कुठेतरी रोवल्यासारखं, आणि बाकीची त्याच्याभोवती सैल मिटलेली.

मी पट्ट्याच्या बोगद्याकडे पाहिलं. दोन्ही बाजूंचे रबरी पडदे सरळ लोंबत होते. कुणाचा हात आत नव्हता. लोरेनबाईंचे दोन्ही हात समोर. माझे खिशात. 

त्यांनी सुपरवायझरला हाक मारली. उंच, टकले गृहस्थ आले. स्क्रीन पाहिला, चष्मा काढून पुसला, परत पाहिला. मग माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मला वाटलं, आता आपलं डेमो बिमो संपलं, आज रात्रीचं जेवण पोलीस स्टेशनात.

"बाहेर काढ," ते लोरेनबाईंना म्हणाले.

पट्टा सरकला. पेटीच्या चित्राबरोबर तो हातही स्क्रीनवरून सरकत गेला. पेटी पलीकडून बाहेर आली. करड्या पत्र्याची, चारी बाजूंनी स्क्रूने बंद, आदल्या दिवशी होती तशीच. सुपरवायझरने ती टेबलावर ठेवायला लावली. वैजू तिथेच उभी होती. तिला यातलं काहीच दिसलं नव्हतं. तिचा समज असा की नेहमीची चौकशी चालू आहे.

"काय आहे हे?" सुपरवायझर.

"बोलणारं यंत्र. पेशंटसाठी."

"चालू करून दाखवा."

"शुअर," वैजू म्हणाली आणि तिने हात पुढे केला. तिचं बोट स्विचवर टेकणार —

"हनी, डोन्ट!"

लोरेनबाई खुर्चीतून उठल्या होत्या. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. सुपरवायझर त्यांना काही बोलणार, तेवढ्यात त्या वैजूला म्हणाल्या, "तुम्हाला वेड्यासारखं वाटेल. पण आत एक हात होता. मी पाहिला, यांनी पाहिला, तुमच्या नवऱ्यानेही पाहिला. आणि त्याचं बोट बरोबर इथे होतं. या स्विचच्या खाली. कुणीतरी मध्ये बोट घालून धरतं ना... तसं."

वैजूने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मला खोटं बोलता येत नाही हे तिला माहीत आहे.

आता तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर हसलं असतं, घाबरलं असतं किंवा चिडलं असतं. वैजूने विचारलं, "कुठे? मला नीट दाखवा."

लोरेनबाईंनी आपला हात झाकणावर ठेवला आणि स्क्रीनवर होता तसा वळवला. मग थोडं थांबून त्यांनी पुढे केलेलं बोट वरच्या पेरापाशी दुमडलं. "आणि हे बोट... आखूड होतं. इथून पुढे नव्हतंच." सुपरवायझरनेही मान हलवली.

ते मीही पाहिलं होतं. माझ्या मेंदूने त्याची नोंद घेतली नव्हती एवढंच. पण त्या बाईंनी बोट दुमडलं आणि वैजूच्या चेहऱ्यावरचा रंग क्षणभर उडाला. अगदी क्षणभर. मग तिने स्विचवरचा हात मागे घेतला.

"नोबडी टचेस दॅट स्विच," ती म्हणाली.

सुपरवायझर म्हणाले, "मॅम, पेटीपासून दूर व्हा. मी पोलिसांना बोलावतोय."

"जरूर बोलवा," वैजू म्हणाली. तिचा आवाज जराही चढला नव्हता. "पण हे यंत्र मी बनवलंय. आत काय आहे ते या इमारतीत मला एकटीला माहीत आहे. आणि काही बिघडलं असेल तर ते समजणारी पण मीच. मी झाकण काढते. तुम्ही शेजारी उभे राहा, माझ्या हातांकडे बघा."

साडेपाच फुटांच्या आतली माझी बायको आणि समोर तो ताडमाड माणूस. का कोण जाणे, त्याने मान डोलावली. मला वाटतं, त्यालाही आत काय आहे ते बघितल्याशिवाय चैन पडलं नसतं. त्याने रांग दुसरीकडे वळवली आणि आमच्याजवळ येऊन उभा राहिला.

वैजूच्या पर्समध्ये लिपस्टिक नसेल, पण स्क्रूड्रायव्हर असायचाच. तिने एकेक स्क्रू काढून माझ्या तळहातावर ठेवला. झाकण उचललं. आत हात वगैरे काही नव्हता. बोर्ड, तारा, सेल. सुपरवायझरने टॉर्च मारून कोपरान् कोपरा पाहिला आणि सुस्कारा टाकला.

वैजूने मात्र टॉर्च त्यांच्या हातातून घेतला — मागितला नाही, घेतला — आणि स्विचच्या खाली धरला. बराच वेळ ती वाकून बघत राहिली. मग मला म्हणाली, "श्री, इकडे ये. बघ."

स्विचच्या मागे पत्र्याची एक पट्टी होती. मोठा पॅक बसवल्यामुळे बॅटरीची जाड वायर जागा बदलून त्या पट्टीच्या कडेखाली गेली होती. गाडीत हादरे बसून पट्टीच्या धारेने वायरीवरचं प्लास्टिक कापलं होतं. आतलं तांबं उघडं पडलं होतं. पट्टी आणि तांबं यांच्यात जेमतेम एका केसाचं अंतर. स्विच कडक होता. तो दाबला की पट्टी खाली लवायची.

"दाबला असता तर?" मी विचारलं.

"सगळा पॅक शॉर्ट. वायर लाल होऊन पेटली असती, बोर्ड वितळला असता." ती थांबली. "इथे नाही दाबला, तर विमानात एखाद्या धक्क्याने झालं असतं."

 लोरेनबाईंनी छातीवर हात ठेवला.

माझ्या मनात आलं, संपलं. एअरपोर्टवर सोल्डरिंग कुठे करणार? विमान चुकणार, डेमो चुकणार, साहेबांना आयतंच कारण. पण वैजू लोरेनबाईंच्या हातांकडे बघत होती.

"तुमचं ते नेलपॉलिश आत्ता बरोबर आहे का?"

"माय... व्हॉट?"

"नेलपॉलिश. सुकलं की त्यातून करंट जात नाही."

बाईंनी पर्समधून बाटली काढून दिली. वैजूने आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवला, वायर पट्टीखालून ओढून बाहेर घेतली, उघड्या तांब्यावर नेलपॉलिशचा हात दिला आणि फुंकर मारून वाळवला. पुन्हा एक हात, पुन्हा फुंकर. मग आणखी. लोरेनबाई शेजारी उभ्या राहून वर्तमानपत्राने वारा घालायला लागल्या. एका प्रवाशाने विचारलं, "काय चाललंय?" तर त्या म्हणाल्या, "शी इज फिक्सिंग इट," अगदी आपलीच मुलगी असल्याच्या थाटात. नंतर वैजूने पट्टीच्या धारेवर चिकटपट्टी गुंडाळली, वायर लांबच्या बाजूने वळवून बांधली, कनेक्टर लावला, झाकण बसवलं.

"आता मी चालू करते," ती सुपरवायझरला म्हणाली. मग मला मराठीत हळूच, "जरा मागे सरक."

"नाही सरकत," मी म्हणालो.

तिने स्विच दाबला. हिरवा स्क्रीन उजळला. पोपट नाकातून बोलला, "हॅलो. आय ॲम रेडी टू स्पीक."

लोरेनबाईंनी टाळ्याच वाजवल्या. "माझं नाव घेईल तो?" वैजूने टाइप केलं. पोपट म्हणाला, "लो-रे-ईन." अगदी चुकीचं. बाई खळखळून हसल्या. निघताना त्यांनी नेलपॉलिशची बाटली वैजूच्या पर्समध्ये टाकली. म्हणाल्या, "कीप इट, हनी. हू नोज."   पोलिसांना सुपरवायझरने बोलावलंच नाही, आणि बोलावून सांगणार तरी काय होते?

विमानात वैजू पेटीवर पाय टेकवून बसली होती.  विमान वर आल्यावर म्हणाली, "श्री, ते बोट..."

"माहीत आहे," मी म्हणालो.

आमच्या दोघांच्या ओळखीत तसा हात एकच. वैजूच्या आत्याचा. कमलआत्या अमरावतीत मुलींच्या शाळेत फिजिक्स शिकवायच्या. लहानपणी गावी गुरांचा चारा कापायच्या कडबाकुट्टीत बोट जाऊन त्यांच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं टोक गेलं होतं. त्याच आखूड बोटाने त्या फळ्यावरची चूक दाखवायच्या, आणि मुली त्या बोटाला टरकून असायच्या. लग्न केलं नाही. भावाची ही मुलगी हुशार आहे हे त्यांनी सर्वांत आधी ओळखलं. घरात सगळ्यांना वैजू बी.ए. होऊन लग्न करून जायला हवी होती. आत्यांनी घरातला बिघडलेला रेडिओ वैजूपुढे ठेवला आणि वडील मंडळींना म्हणाल्या, "हिने हा उघडून पुन्हा जोडला, तर ही इंजिनिअरिंगला जाईल. बोला." रेडिओ वाजला. आणि पुढचं सगळं — कॉलेज, अमेरिका, पोपट — त्या रेडिओपासून सुरू झालं.

"तिला काही झालं असेल का रे?" वैजूचे डोळे भरले होते.

माझ्याही मनात तेच होतं. अशा गोष्टींत नेहमी तेच असतं ना... माणूस तिकडे गेलेला असतो. मी म्हणालो, "डॅलसला उतरल्या उतरल्या फोन करू."

तिने खिडकीकडे तोंड फिरवलं. थोड्या वेळाने रुमालाने नाक पुसून म्हणाली, "नको. तिथे आत्ता रात्र असेल. आधी डेमो. आत्याला विचारलं असतंस तर तीही हेच म्हणाली असती."

डेमोची खोली मोठी होती. डॉक्टर, दोन नर्स, कंपनीचे तिथले एक प्रतिनिधी, आणि व्हीलचेअरमध्ये एक म्हातारे रँचर, म्हणजे गुरांच्या मोठ्या कुरणाचे मालक. घशाचं ऑपरेशन होऊन त्यांचा आवाज गेला होता. शेजारी त्यांची बायको, रूथ. आजोबा घुश्शातच होते. असली खेळणी त्यांनी बरीच पाहिली असावीत. वैजू त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसली आणि बटणं दाखवली. फार काही बोलली नाही. त्यांनी जाडजूड बोटांनी एकेक अक्षर शोधत टाइप केलं.  मग त्यांनी शेवटचं बटण दाबलं.

पोपट म्हणाला, "रूथ. यू ड्राइव्ह टू फास्ट."

आजी एकदम ओरडल्या, "आय डू नॉट!" आणि मग तोंडावर हात ठेवून रडायला लागल्या. आजोबा खांदे हलवत हसत होते, आवाज न करता. त्यांनी पुन्हा टाइप केलं. मग पुन्हा. त्यांना थांबवायला नर्सला यावं लागलं. भिंतीपाशी उभा राहून मी माझ्या बायकोकडे बघत होतो. त्या खोलीत माझ्याइतका ताठ मानेने कुणीच उभं नव्हतं, हे मी पैजेवर सांगतो.

डॉक्टरांना पटलं. पोपटाची पुढे बरीच भावंडं झाली, सुटसुटीत, हलकी, बऱ्या आवाजाची. त्या सगळ्यांच्या पेटंटवर वैजूचं नाव पहिलं आहे.

त्या संध्याकाळी आम्ही डॅलसजवळ प्लेनोला माझ्या कॉलेजच्या मित्राकडे उतरलो होतो. तिथून अमरावतीला फोन लावला. आत्यांकडे फोन नव्हता, शेजारच्या डॉक्टरांकडे होता. तिकडे सकाळ झालेली. डॉक्टर म्हणाले, "थांबा, बोलावतो." आणि मग नुसती खरखर. वैजूने माझा हात इतका घट्ट धरला होता की अंगठीचा वण उमटला. मी माझं डोकं रिसीव्हरला चिकटवलं होतं.

"काय गं, इतक्या सकाळी?" खणखणीत आवाज आला.

वैजूने माझा हात सोडला. "आत्या... तू बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीये? काय झालं? श्रीकांतराव बरे आहेत ना? मुक्ता?"

"सगळे बरे आहेत. आत्या, तुझा हात?"

"दोन्ही जागेवर आहेत. वाटाणे सोलत बसले होते. काय झालंय ते सांग, उगाच पैसे घालवू नकोस."

वैजूने सांगितलं. स्क्रीन, हात, आखूड बोट, स्विच.   मग आत्यांनी विचारलं, "वायर कुठून नेली होतीस?"

"स्विचमागच्या पट्टीखालून."

"धारेवरून?" आवाज चढला. "अगं, धारेवरून वायर नेतात? नळी नाही घालायची मध्ये?"

"चुकलं, आत्या."

"हं. मग ती सापडली कुणाला?"

"मला."

"दुरुस्त कुणी केली?"

"मीच. नेलपॉलिश लावून."

पलीकडून हसू ऐकू आलं. आणि आत्यांना मी फार कमी वेळा हसताना ऐकलंय. "मग माझ्या हाताचं काय घेऊन बसलीस? हात कुणाचा का असेना, त्याने नुसतं दाखवलं. स्विचवरचं बोट काढून घेतलं कुणी? झाकण उघडलं कुणी? मी इथे वाटाणे सोलतेय बाई. केलंस ते तू." मग जरा घोगऱ्या आवाजात, "शाब्बास हो पोरी." आणि फोन ठेवला.

त्यानंतर आत्या खूप वर्षं जगल्या. नोकरी संपल्यावर एकदा आमच्याकडेही येऊन गेल्या. पोपटाच्या नव्या भावंडाकडून त्यांनी स्वतःचं नाव वदवून घेतलं आणि उच्चार चुकला म्हणून वैजूला सुनावलं. त्या मुक्कामात मी एकदा धीर करून विचारलं, "आत्या, त्या दिवशी काहीच जाणवलं नाही? हाताला मुंग्या, चटका... काही?" त्यांनी आपला पंजा खिडकीच्या उजेडात धरला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, "श्रीकांतराव, इंजिनिअर आहात ना? मग जे नाही ते माझ्या तोंडून काढून घेऊ नका."

परत जाताना एअरपोर्टवर त्यांनी आपली पिशवी एक्स-रेच्या पट्ट्यावर ठेवली आणि गार्डला बाजूला सारून स्क्रीनसमोरच जाऊन उभ्या राहिल्या. चष्म्याची डबी, लोणच्याची बरणी, औषधं, सगळं निरखून पाहिलं. गार्ड बिचारा "मॅम, मॅम" करत होता. मग मोठ्याने मला म्हणाल्या, "यात तर माझा हात कुठे दिसत नाही हो!" आणि हसत हसत आत निघून गेल्या.

मी माझ्या परीने बरंच खणलं. आधीच्या कुणाच्या हाताचं चित्र स्क्रीनवर राहिलं असेल, असं कुणी म्हणालं. पण मग ते आमच्या पेटीबरोबर कसं सरकलं? तिघांना एकदम भास झाला म्हणावं, तर तिघांना एकच बोट आखूड कसं दिसलं? आणि लोरेनबाईंनी तर कमलआत्यांचं नावही कधी ऐकलं नव्हतं. मुक्ता आता स्वतः रेडिओलॉजिस्ट आहे. दिवसभर तेच बघते. ती म्हणते, "बाबा, दॅट्स जस्ट नॉट पॉसिबल." मी म्हणतो, माझंही तेच म्हणणं आहे.

तुमच्यापैकी कुणाला कारण सापडलं तर जरूर कळवा. वैजूला मात्र विचारू नका. तिने त्याचा नाद केव्हाच सोडलाय. आत्ता हे लिहितोय तर ती मागून वाचून म्हणाली, "पट्टीच्या धारेचं लिहिलंस ना नीट? ते महत्त्वाचं आहे."